मळमळ खरी की भीतीची? उलटीला घाबरणाऱ्यांनी सांगा

ट्रान्सहार्बर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वाचून हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

मला उलटीची भीती वाटते. किळस सगळ्यांनाच असते, तेवढंच असतं तर धागा काढला नसता. लेडीज डब्यात कुणी नुसतं "मळमळतंय गं" म्हटलं तरी मी पुढच्या स्टेशनला उतरते. राहते कळव्याला, ऑफिस कोपरखैरण्याला. रोज ठाण्याला गाडी बदलायची. तर ठाण्याच्या पुलावर चढतानाच पोटात ढवळायला लागतं. घशाशी काहीतरी अडकलेलं, हात गार, धडधड. मग डोक्यात चौकशी आयोग बसतो. काल पनीर खाल्लं ते ताजं होतं ना? शेजारच्या डेस्कवरचा परवा पोट बिघडलं म्हणून घरी गेला, त्याने माझा माऊस वापरला होता का? ऐरोलीपर्यंत कशीबशी कळ काढते, रबाळ्याला उतरून बाकावर बसते, हवा खाते, मागची गाडी पकडते. ऑफिसात पोचले की थोड्या वेळात सगळं गायब. संध्याकाळी परतताना सहसा काही होत नाही.

सोनोग्राफी, रक्त, सगळं नॉर्मल. "काही नाही" असं ऐकून घरी आले. काही नाही तर पोटात ढवळतं ते काय?

प्रश्न एवढाच, की त्या क्षणी खरी मळमळ आणि टेन्शनची मळमळ वेगळी ओळखायची कशी?

पित्तशामक

पित्त आहे. सकाळी उपाशीपोटी चहा घेत असणार. चहा बंद, मोरावळा सुरू. पर्समध्ये आलेपाक ठेवा. जागरण नको.

ट्रान्सहार्बर

काका, आलेपाक, आवळासुपारी, लिंबू, पुदिन्याच्या गोळ्या आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या पर्समध्येच असतात. पर्स उघडली की वाण्याचं दुकान दिसतं.

घणसोलीकर

इतकं काय त्यात. एकदा ओकून टाका, मोकळं वाटतं.

उलटसुलट

घणसोलीकर, हा सल्ला आम्हाला पहिलीपासून मिळतोय. पुढचा प्रतिसाद.

ट्रान्सहार्बर, रात्री सविस्तर लिहिते. तोवर एकच सांगा, पिशव्या दोन का?

ट्रान्सहार्बर

एक फाटकी निघाली तर.

उलटसुलट

वाटलंच. माझ्याकडे तीन असायच्या.

दवाखाना_कळवा

मी जनरल प्रॅक्टिस करतो. इथे बसून निदान करणार नाही, शरीरात काय चालतं तेवढं सांगतो.

दोन्ही मळमळी खऱ्याच असतात. भीतीची म्हणजे काल्पनिक, हा समज आधी काढून टाका. घाबरलं की अॅड्रेनलिन वाढतं, पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो. म्हणून नाश्ता तिथेच बसून राहिल्यासारखा वाटतो. त्यात श्वास उथळ आणि भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने चक्कर, बोटांना मुंग्या आणि आणखी मळमळ. हवाही गिळली जाते, मग ढेकर. पोट आणि मेंदू यांच्यात व्हेगस नावाची नस आहे, तिच्यावरून निरोप दोन्ही बाजूंनी जातात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असतं आणि मळमळीचा निरोप पाठवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ऑन्डॅन्सेट्रॉनची, म्हणजे उलटी थांबवणारी, गोळी त्याचाच रस्ता अडवते.

बाधलेलं अन्न, औषधं, रक्तात आलेलं विषारी काही, यांची वाट वेगळी. मेंदूच्या खालच्या भागात एरिया पोस्ट्रेमा म्हणून एक जागा आहे. बाकी मेंदूला रक्तातल्या नको त्या पदार्थांपासून जो अडसर असतो तो तिथे जवळपास नसतो, त्यामुळे तिला रक्तातली गडबड आधी कळते. प्रवासातली मळमळ कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतून येते. तुम्हाला गाडी लागत असेल असं वाटत नाही. गाडी लागायला आधी गाडी हलावी लागते, तुमचं तर पुलावरच सुरू होतं.

आता ओळखायचं कसं. उलटी खरंच होणार असेल तर बहुधा तोंडाला एकदम भरपूर पाणी सुटतं, चेहरा पांढरा पडतो, गार घाम येतो, मग उमासे. घबराटीत बहुधा उलट, तोंड कोरडं, घशात आवंढा, छाती आवळलेली. घबराटीचा झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. बाधलेलं असेल तर सोबत पोटात मुरडा, जुलाब, ताप, किंवा तेच जेवलेलं घरातलं आणखी कुणीतरी आडवं पडलेलं. आणि बिघडलेलं पोट वार बघत नाही, रविवारी सोफ्यावर लोळतानाही ढवळतं. तुमचं दुखणं ऑफिसच्या वेळा पाळतंय.

यातलं एकही लक्षण शंभर टक्के नाही, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या गोष्टी असतील तर मात्र भीती आहे की काय याचा विचार न करता डॉक्टरकडे जा: उलटीत रक्त किंवा काळपट चोथा, हिरवी उलटी, असह्य पोटदुखी, मान आखडून जोराची डोकेदुखी, छातीत दुखून घाम, लघवी फार कमी होणं, वजन उतरणं, गिळताना अडकणं. मधुमेह असेल किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर ते आधी. लोहाच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, वेदनाशामक आणि काही अँटिबायोटिक यांनीही मळमळतं, चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा.

ट्रान्सहार्बर

डॉक्टर, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. खूप आभार.

पण एक झालंय. प्रतिसाद वाचल्यापासून तोंड कोरडं आहे की पाणी सुटलंय ते तपासतेय. सारखी गिळून बघतेय. आणि गिळत राहिलं की लाळ वाढल्यासारखीच वाटते. आता घरी बसूनही मळमळतंय.

पारसिक

मी उलट बाजूने लिहिते. माझ्या नणंदेला मळमळ आणि अन्नावरची वासना गेलेली. सगळे म्हणाले टेन्शन आहे, नवीन नोकरी आहे. एका ठिकाणी तपासून झोपेची गोळी देऊन घरी पाठवलं. काही दिवसांनी डोळे पिवळे, लघवी गर्द. पावसाळ्यातली कावीळ निघाली. तेव्हा दर वेळी "मनाचं आहे" म्हणून बाजूला सारू नका एवढंच.

दवाखाना_कळवा

पारसिक यांच्याशी सहमत. हिपॅटायटिस ए ची सुरुवात बरेचदा अशीच असते, मळमळ, थकवा, जेवण नकोसं. फरक असा की ती मळमळ पुलावर सुरू होऊन ऑफिसात संपत नाही. धागाकर्तीच्या तपासण्या झाल्यात. तपासणी एकदा, ती झाली की पुन्हा पुन्हा नाही.

उलटसुलट

रात्री लिहिते म्हटलं होतं. लांब आहे.

मी नौपाड्यातली. माझी भीती शाळेपासूनची. लग्नात पंगतीला बसायचे नाही, पाणीपुरी नाही, घोडबंदर रोडने बसमध्ये जायचं तर आदल्या रात्रीपासून उपाशी. उपाशी राहिलं की आम्ल वाढून आणखी मळमळायचं आणि मला वाटायचं, बघ, बरं झालं जेवले नाही. दुधाच्या पिशवीवरची तारीख आईने वाचली, मी वाचली, तरी पुन्हा वाचायची. आणि आईला दिवसभर एकच प्रश्न, "मला होणार नाही ना?" आई म्हणायची नाही होणार. ते औषध जेमतेम पुढच्या प्रश्नापर्यंत पुरायचं.

तुमचाच प्रश्न घेऊन मी थेरपिस्टबाईंकडे गेले होते. खरी कशी ओळखायची? त्या म्हणाल्या, समज एक मशीन निघालं. पोटावर धरलं की सांगतं. त्याने सांगितलं "खरी", तर काय करशील? म्हटलं, उतरेन, पिशवी काढेन. बरं, "भीतीची" असं सांगितलं तर? म्हटलं, मशीन पुन्हा लावून बघेन.

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मीच हसायला लागले.

डॉक्टरांनी दिलेली लक्षणं चोख आहेत. ज्याला ही भीती नाही त्याला ती उपयोगी पडतात. आपल्या हातात पडली की आपण त्यांची परीक्षा मांडतो, आणि पोटावर पहारा बसला की पोटाला बोलावंच लागतं. मोबाइल सायलेंटवर असताना खिशात थरथरल्यासारखं वाटतं ना, तसं. जठराची बारीकसारीक हालचाल सगळ्यांच्याच पोटात चालते, बाकीच्यांच्या कानावर ती येत नाही.

आणि समजा आधी कळलंच, तर हातात काय येतं? खरी असेल तर काम एवढंसं आहे: बाजूला व्हायचं, होऊ द्यायचं, चूळ भरायची, घोट घोट पाणी प्यायचं. त्यासाठी ऐरोलीपासून तयारी लागत नाही. भीतीची असेल तर जे चाललंय ते चालू ठेवायचं. म्हणजे उमासे प्रत्यक्ष येईपर्यंत दोन्हींत करायचं ते एकच, गाडीत उभं राहायचं. मला हे पटायला फार वेळ लागला. पटल्यावरही पोटाला पटायला आणखी वेळ लागला.

उपचार म्हणून जे केलं त्याला सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि वागणं बदलायची थेरपी. त्यातला मुख्य भाग एक्स्पोजर, भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं. लोक समजतात मुद्दाम ओकायला लावतात. तसलं काही नाही. सुरुवात 'उलटी' हा शब्द वहीत लिहिण्यापासून. मग चित्र, मग आवाज, मग सिनेमातले प्रसंग. फिरत्या खुर्चीत गरगर फिरून मुद्दाम चक्कर आणायची आणि काही न करता बसायचं. पोटभर जेवून तलावपाळीला चक्कर मारायची. साबुदाण्याची पातळ खीर तोंडात धरून बेसिनमध्ये थुंकायची. (घरच्यांनी दार वाजवून विचारलं, बरी आहेस ना. उत्तर द्यायला तोंड रिकामं नव्हतं.) प्रत्येक पायरीवर भीती चढते, आणि पळ काढला नाही तर आपोआप उतरते. कधी नाही उतरली तरी ती घेऊन बसता येतं, हे कळणं मला जास्त उपयोगी पडलं.

सोबत दुसरी बाजू, आधार काढून घेणं. पिशवी, पुदिना, दाराजवळची जागा, आईला विचारणं, नेटवर लक्षणं शोधणं. सगळं एका दमात नाही, एकेक. तुमच्यासाठी पहिलं कुठलं काढाल ते थेरपिस्टबरोबर ठरवा, पण मला विचाराल तर रबाळ्याचा बाक. तुम्ही तिथे उतरता, बरं वाटतं, आणि मेंदू हिशेब मांडतो की उतरले म्हणून वाचले. न उतरताही बरं वाटलं असतं, हे त्याला कधी बघायलाच मिळत नाही.

काका, मोरावळा छान लागतो. पण तो भीतीवरचा उतारा म्हणून खाल्ला की त्याची पण पिशवीच होते.

पित्तशामक

लिहिलंय उत्तम. चहाबद्दलचं मत कायम आहे.

घणसोलीकर

वरचं वाचलं. मला खरंच माहीत नव्हतं हे असं असतं. ठाण्याला राहतात म्हणजे सोयीचंच आहे म्हणा, हॉस्पिटल जवळ. गंमत हं.

उलटसुलट

आम्ही ठाणेकर ही गंमत जन्मापासून ऐकतोय. १९०१ साली बांधलेलं ते मनोरुग्णालय आहे, ओपीडी चालते, मानसोपचारतज्ज्ञ भेटतात आणि खासगीच्या मानाने खर्च किरकोळ. झोप न येणारे, परीक्षेला घाबरणारे, माझ्यासारखे, सगळे रांगेत असतात. केसपेपर काढला म्हणून कुणी आत ठेवून घेत नाही.

ट्रान्सहार्बर, थेट जायला धीर होत नसेल तर टेली मानसला फोन करा, १४४१६. केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. खासगी गाठायचं असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा आणि आधीच विचारा, फोबियासाठी एक्स्पोजर करता का. नुसत्या गप्पा आणि "सकारात्मक राहा" यावर पैसे घालवू नका. ते मी करून झालंय.

येऊर_पायथा

लिहू की नको करत होते. मला मूल हवंय, नवऱ्यालाही. सासूबाई गोड बोलून विचारत असतात. खरं कारण कुणालाच सांगितलेलं नाही, की मला त्या पहिल्या महिन्यांची भीती वाटते. करिअर वगैरे सांगून वेळ मारून नेते.

उलटसुलट

येऊर, ही भीती असलेल्या बऱ्याच जणींचं हेच असतं, फक्त कुणी बोलत नाही. नवऱ्याला तरी खरं सांगा. सासूबाईंचं नंतर बघू.

दवाखाना_कळवा

मळमळ साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, बहुतेकींची चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. सगळ्यांना उलट्या होतातच असं नाही. झाल्या तर डॉक्सिलामाइन आणि बी ६ जीवनसत्त्वाची गोळी स्त्रीरोगतज्ज्ञ देतात, ती अनेक वर्षं वापरात आहे. भीतीचा उपचार आधी सुरू करून मग दिवस राहू देणं हा सरळ मार्ग आहे. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ही भीती स्पष्ट सांगा.

तिखटजाळ

डॉक्टर आहेतच तर विचारते. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी दिली की सगळं मरतं ना?

दवाखाना_कळवा

जीव मरतात, विष उरू शकतं. भात खोलीत तासन् तास उघडा राहिला तर बॅसिलस सेरियस वाढतो आणि त्याचं उलटी आणणारं विष फोडणीच्या उष्णतेने जात नाही. असा भात खाल्ला तर त्रास साधारण १ ते ६ तासांत होतो. म्हणून भात उरला की लवकर गार करून फ्रीजमध्ये टाका, सकाळी फोडणी द्या आणि निवांत खा. आणि धागाकर्तीच्या त्या माऊससाठी: उलट्या-जुलाबांच्या साथीत बरेचदा नोरोव्हायरस असतो, त्याच्यावर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण-पाण्याने हात धुवा. जेवणाआधी आणि संडासानंतर. बाकी वेळी नको.

उलटसुलट

"बाकी वेळी नको" हे अधोरेखित. आमच्यासारख्यांना अर्धी सूचना पुरते.

ट्रान्सहार्बर

बरेच दिवसांनी आले. वाशीत एक थेरपिस्ट मिळाल्या, आठवड्याला जाते. मानसोपचारतज्ज्ञांनी एसएसआरआय गोळी (चिंता-नैराश्यावर देतात ती) सुचवली होती. पहिल्या एकदोन आठवड्यांत मळमळू शकतं हे ऐकून नको म्हटलं. मग त्यांनीच अगदी कमी डोसने, जेवणानंतर सुरू करू म्हटलं. थोडं ढवळलं, मग थांबलं.

पिशवी एकच नेते. रबाळ्याला उतरणं बंद, म्हणजे बहुतेक वेळा. मागच्या आठवड्यात गाडी तुर्भ्याच्या बाजूने येतानाच उशिरा आली, गर्दी भयानक, मी मधोमध अडकलेली, दार दिसतही नव्हतं. जोराची मळमळ आली. कोपरखैरण्यापर्यंत राहिली, ऑफिसातही थोडी होती. कसली होती ते कळलं नाही. डबा खाल्ला.

पर्समधली ऑन्डॅन्सेट्रॉन अजून आहे. ती काढायची हिंमत होत नाहीये.

दवाखाना_कळवा

ती स्वतःच्या मनाने घेत तर नाही ना? डोकेदुखी, बद्धकोष्ठता होते, काहींच्या हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होतो, आणि काही एसएसआरआय सोबत असतील तर जास्त जपावं लागतं. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना ती पर्समध्ये असल्याचं सांगा.

ट्रान्सहार्बर

घेत नाही, नुसती असते. सांगते त्यांना.

पामबीच_आई

धागा वाचून हायसं वाटलं. माझी मुलगी तिसरीत आहे, नेरुळला. स्कूलबसमध्ये एका मुलाला उलटी झाली तेव्हापासून बसमध्ये चढत नाही. रोज सकाळी विचारते, "आई, मला होणार नाही ना?" मी होणार नाही म्हणते. वरचं वाचून कळलं की ते चुकतंय. मग म्हणू काय? आणि वर्गशिक्षिकेला काय सांगू? सध्या डब्यात फक्त बिस्किटं नेते.

उलटसुलट

मुलांमध्ये लवकर हाती घेतलं तर सोपं जातं, त्यामुळे बालमानसोपचाराचं पाहाच, महिना-दोन महिने थांबू नका. तोपर्यंत तिला म्हणा, "मला माहीत नाही गं. झाली तर बाई मदत करतील, तोंड धुऊ आणि घरी येऊ." सुरुवातीला रडेल, जास्त विचारेल. रागावू नका, तेच वाक्य पुन्हा, त्याच आवाजात. दिवसात एकदाच उत्तर द्यायचं असं दोघींनी ठरवून ठेवा. भीती वाटते त्याबद्दल कितीही बोलू दे, फक्त हमी द्यायची नाही.

बस एकदम नको. आधी उभ्या बसमध्ये चढून उतरायचं, मग तुमच्यासोबत एनएमएमटीच्या (नवी मुंबईच्या) बसचा एक स्टॉप, मग दोन. पुढे तोंड करून बसवा आणि मोबाइल देऊ नका, त्याने खरोखरच गाडी लागते.

बाईंना सांगा की तिने पोट दुखतंय म्हटलं तर एकदा बघा, ताप वगैरे नसेल तर वर्गातच बसू द्या, दर वेळी फोन करून घरी पाठवू नका. आणि डबा नेहमीचा द्या. पोळीभाजी.